पाणंदीवरची लूना

मे महिना जवळ आला की आमच्या सोसायटीत जिन्यावर एकच विषय. कुणी महाबळेश्वरला निघालेलं असतं, कुणी कोकणात, कुणाच्या जावयाने सिमल्याची तिकिटं काढलेली असतात. मला विचारलं की मी सांगते, "इनामगावला." समोरची जरा थांबते आणि म्हणते, "म्हणजे सासरीच ना?" त्या 'सासरीच'मधला 'च' मला आता टोचत नाही. कारण गेल्या दोन वर्षांत माझ्या मुलांनी महाबळेश्वरचं नावही काढलेलं नाही. त्यांना ओढ आहे ती इनामगावच्या गोठ्यातल्या एका जुन्या लूनाची आणि मळ्याकडे जाणाऱ्या पाणंदीची.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठाला. नदी ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो, म्हणजे जिल्हाच बदलतो. दौंड तालुकाही फार लांब नाही. पुण्याहून जायला दोन वाटा आहेत. नगर रस्त्याने शिरूर गाठायचं आणि न्हावऱ्याला वळायचं. जुनी माणसं शिरूरला अजून 'घोडनदी'च म्हणतात. नाही तर सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जायचं, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडायची आणि न्हावऱ्याला यायचं. आम्ही हडपसरचे, म्हणून दुसरी वाट धरतो. शंभर किलोमीटरच्या आतलाच प्रवास. डबा घेऊन निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी.

मुलूख मूळचा कमी पावसाचा. पण वर चिंचणीला घोड नदीवर धरण झालं, कालवे आले आणि बाजरी-हुलग्याच्या रानात ऊस उभा राहिला. आता गावाबाहेर पडलं की दोन्ही अंगांनी उसाच्या भिंती, मधूनच कांद्याची हिरवी पाटी, बांधावर बाभळी आणि लांबवर नदीकाठचा झाडोरा. पाहण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर देऊळ किंवा धबधबा दाखवता यायचा नाही. तरीही या गावाचं नाव जगभरच्या पुराणवस्तू-अभ्यासकांना पाठ आहे. ते का, हे पुढे वाटेत येईलच. आधी लूना.

गोठ्यातली सून

माझ्या सासऱ्यांनी लूना घेतली ती दुधासाठी. दोन बाजूंना दोन किटल्या अडकवून ते मळ्यातून गावात डेअरीवर यायचे आणि परत जाताना मागच्या सीटवर सासूबाई, मांडीवर भाकरीचं गाठोडं. लूना म्हणजे आमच्या भागाला घरचीच गाडी. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती बाजारात आणली आणि कारखाना कुठे, तर शिरूरच्या पुढे, नगरला. मूळ नमुना इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या गाडीचा. इंजिन जेमतेम ५० सीसीचं, गिअरची कटकट नाही, वजन इतकं कमी की बाईमाणसाला एकटीने उचलून उंबऱ्यावरून आत घेता येईल आणि पेट्रोल संपलं तर सायकलसारखे पायडल मारत घरी येता येईल. कितीतरी शिक्षिका, नर्सबाई, पोस्टातल्या आणि बँकेतल्या मुली आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गाडी हाकत्या झाल्या त्या लूनावरच. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी चालवली असेल, निदान मागे तरी बसला असाल. या शतकाच्या सुरुवातीला ती बंद पडली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी आली.

सासरे गेल्यावर आमची लूना गोठ्यात भिंतीला टेकून उभी राहिली. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालू लागल्या. भाऊजींनी मोटारसायकल घेतली होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. कुणाचं म्हणजे, सासूबाई सोडून.

सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. मोटारसायकलची सीट उंच. तिच्यावर त्यांना चढता येत नाही. मळा नदीच्या अंगाला, पाणंदीने दीड-पावणेदोन किलोमीटर. पूर्वी त्या सकाळ-संध्याकाळ चालत जायच्या. पण सासऱ्यांच्या मागे पाणंदही बुजत गेली. वेडी बाभूळ माजली, एका वळणावर शेजारच्या बागायतदाराने उसाची सरी पुढे सरकवली, पावसाळ्यात चिखल असा की पाय काढता येऊ नये. मग सगळ्यांनी डांबरी रस्त्याचा पाचेक किलोमीटरचा वळसा धरला. त्या रस्त्याने रिक्षा करून एकदा सासूबाईंना नेलं होतं. बांधापासून विहिरीपर्यंत जाता येईना, म्हणून त्या कडेलाच बसून परत आल्या. त्यानंतर चार वर्षं त्यांनी आपलं शेत पाहिलं नव्हतं.

त्या कधी बोलल्या नाहीत. पण आम्ही मळ्यातून आलो की विचारायच्या, "विहिरीवरचं जांभूळ हाय का गं अजून? पाणी किती पायऱ्या खाली गेलंय?" लग्न होऊन आल्या तेव्हा त्या विहिरीचं खोदकाम चालू होतं; डोक्यावरून दगड वाहिलेत त्यांनी. त्यांच्या या चौकशा ऐकून माझ्या मुलीने, म्हणजे सातवीतल्या पोरीने, एक दिवस सरळ म्हटलं, "मग आजीला लूनावर का नाही नेत? ती तर बुटकी आहे!"

गाडी दुरुस्त करायची हे तिथे ठरलं. आणि गाडी दुरुस्त करून उपयोग काय, वाट कुठे आहे, हेही तिथेच लक्षात आलं. म्हणून दोन्ही कामं एकदम हाती घेतली.

आधी तेल, मग किक

जुनी बंद गाडी घरात असली की घरातल्या पुरुषांचा पहिला उद्योग म्हणजे ती सुरू करून बघणं. आमच्याकडेही हे आणि पुतण्या दोघे पायडलवर पाय ठेवून उभे राहिले होते. शिरूरच्या जुन्या मिस्त्रींना फोन केला होता म्हणून निभावलं. ते म्हणाले, "ताई, आधी कुणाला हात लावू देऊ नका. आतली रिंग गंजून धरली असेल. जोर केला तर सिलिंडरला ओरखडे पडतील. प्लग काढा, भोकातून दोन-तीन चमचे ऑइल सोडा आणि रात्रभर गाडीकडे बघू नका." तसं केलं. दुसऱ्या दिवशी मागचं चाक हाताने हळूहळू मागे-पुढे करत इंजिन मोकळं झालं.

मग मिस्त्री स्वतः आले आणि ओट्यावर जुनी चादर पसरून त्यांनी गाडी उकलली. त्यातलं जे ध्यानात राहिलं ते सांगते. तुमच्याकडे अशी एखादी गाडी पडून असेल तर उपयोगी पडेल.

पेट्रोल वर्षानुवर्षं टाकीत राहिलं की त्याचा डिंक होतो. आमच्या टाकीत तळाला तपकिरी चिकट थर होता आणि वर गंज. टाकी काढून तिच्यात मूठभर बारीक स्वच्छ खडी आणि थोडं रॉकेल घातलं, तोंड बंद केलं आणि पोरांना खुळखुळ्यासारखी हलवायला दिली. अर्ध्या तासात आतला गंज सुटला. मग दोनदा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवली. हे काम अंगणात, चुलीपासून आणि विडीकाडीपासून लांब करायचं, हे सांगायला नकोच.

कार्बोरेटरमधलं जेट म्हणजे सुईच्या नेढ्याएवढं भोक. तेच बुजलेलं असतं. मिस्त्रींनी विजेच्या वायरीतली तांब्याची एकच बारीक तार घेऊन ते साफ केलं. जाड तार किंवा टाचणी घातली तर भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिते. सायलेन्सरमध्ये काजळी इतकी की धुराला वाटच नव्हती. तो त्यांनी भट्टीत तापवून ठोकून मोकळा केला. पॉइंट घासले, नवा प्लग बसवला, कडक झालेली रबरी सीलं, पेट्रोलची नळी, ब्रेकचे लाइनर आणि दोन्ही केबली बदलल्या. टायर वरून चांगले दिसत होते, पण बाजूंना भेगा होत्या. "टायरला माया करू नका, ताई," मिस्त्री म्हणाले. त्यामुळे टायर-ट्यूबही नवीन घातले. सुटे भाग शिरूरला काही मिळाले, उरलेले नगरच्या जुन्या बाजारातून भाऊजींनी आणले. मिस्त्रींच्या मजुरीसकट खर्च एका बऱ्या साडीच्या आसपास आला.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी लागते. हे टू-स्ट्रोक इंजिन. त्याला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मापाने मिसळायचं. कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर धूर आणि काजळी. आम्ही खोकल्याच्या औषधाचं एक माप गोठ्यातच दोरीने टांगून ठेवलंय.

गाडीचे कागदही करून घेतले. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. विमाही हवाच. 'गावातल्या गावात कोण बघतंय' म्हणून लोक टाळतात. पण अपघात काही गाव बघून होत नाही.

वाट मागायची कशी

गाडीपेक्षा वाट अवघड होती. गाडी लोखंडाची, ती रुसत नाही.

पाणंद म्हणजे दोन्हीकडच्या बांधांमधून जाणारी शेतवाट, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती खरोखर कागदावर आहे का, हे पाहायला यांनी भूमिअभिलेखच्या कचेरीतून गावाचा नकाशा आणला. त्या नकाशात रस्त्यांची भाषा असते. दोन तुटक रेषा असल्या तर गाडीवाट, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेष असली तर पायवाट, सव्वाआठ फूट. आमच्या पाणंदीला एकच तुटक रेष होती. म्हणजे वाट हक्काची, पण पायापुरती.

कायद्याने काय करता येतं तेही विचारून घेतलं. चालू वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला जायला वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून वाट मागता येते. पाणंदी पक्क्या करायला राज्य सरकारची 'मातोश्री ग्रामसमृद्धी' नावाची योजनाही २०२१ पासून आली, रोजगार हमीच्या जोडीने. या गोष्टी बायकांनी माहीत करून घ्याव्यात, कारण शेतात डबा, पाणी, वैरण घेऊन रोज त्याच जातात. वाट बंद झाली की वळसा त्यांच्याच पायांना पडतो.

आमचे सहा महिने केव्हाच उलटून गेले होते. भाऊजी तापले होते. "अर्ज टाकतोच," म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, "अर्ज टाक. पन आधी मला तिच्याकडं ने." ती म्हणजे त्या बागायतदाराची आई. दोघींनी एकमेकींच्या बाळंतपणात बाजेखाली शेगडी ठेवलेली. पण ऊस सरकल्यापासून दोन्ही घरांत हळदीकुंकवाचं जाणंयेणंही बंद होतं.

मी बरोबर होते. पहिला अर्धा तास गुडघ्यांवरच गेला; कुणाचा जास्त दुखतो आणि कुठल्या तेलाने उतार पडतो. मग सासूबाई म्हणाल्या, "मला एकडाव हिरीवर जायचंय. तुझ्या उसातनं जाऊ का, का तू वाट देती?" म्हातारी काही बोलली नाही. मुलाला हाक मारली. त्याची अडचण वेगळीच होती. त्याला भीती होती की आज लूना, उद्या ट्रॅक्टर आणि परवा उसाची ट्रक. एकदा वाट मोठी झाली की सगळा गाव त्याच्या रानातून जाईल. भीती खोटी नव्हती. तेव्हा असं ठरलं की नकाशात आहे तेवढीच, सव्वाआठ फूट वाट. दोन्ही तोंडांना दोन दगड रोवायचे. मधून दुचाकी, सायकल, माणूस आणि जनावर जाईल, ट्रॅक्टर जाणार नाही. ठरलं ते कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. अंगठाही चालला असता, पण दोघी म्हाताऱ्यांनी प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही झोकात केली.

शेवटच्या टोकाला आणखी एक जमीनदार आहेत. त्यांनी अजून मान्यता दिलेली नाही. तेवढे शंभरेक पाऊल आम्ही गाडी बंद करून, बांधावरून हाताने ढकलत नेतो. त्यांच्या दारीही कधीतरी जाऊच.

पाण्याला आधी वाट द्या

वाट केली दिवाळीच्या सुट्टीत. पावसाळा संपलेला, जमीन मऊ आणि ऊसतोड अजून जोरात सुरू व्हायची. घरची सहा माणसं आणि रोजंदारीवर चौघे.

वेडी बाभूळ नुसती छाटून भागत नाही; दुप्पट जोमाने फुटते. बुंधा खणून काढावा लागतो. छाटलेल्या फांद्या एका जागी ओढून घेतल्या आणि काटे वेचले, कारण तिचा एक काटा म्हणजे एक पंक्चर. लाकूड जाऊबाईंनी बंबासाठी रचून ठेवलं. दोन महिने पुरलं.

मग काळ्या मातीचा प्रश्न. काळी माती ओली झाली की चाकाला चिकटते, चाकाबरोबर वर जाते आणि मडगार्डमध्ये अशी ठासून बसते की चाक फिरतच नाही. त्यावर इलाज एकच. वाट मधोमध उंच, दोन्ही बाजूंना चर आणि वर मुरूम. सगळीकडे मुरूम टाकायची ऐपत नव्हती, म्हणून सखल जागा हेरून तेवढ्यातच चार ट्रॉल्या टाकल्या. पाटाचं पाणी जिथे वाट ओलांडायचं तिथे सिमेंटचा पाइप पुरला. नदीकडच्या उतारावर जुनी वाट सरळ खाली जायची, म्हणून दर पावसात तिची घळ व्हायची. तिथे आम्ही वाट तिरकी, वळण घेत उतरवली आणि मधे मधे दगडांच्या आडव्या ओळी पुरल्या, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी बाजूला जातं. रोजंदारीवरचे एक मामा म्हणाले, "पाण्याला आधी वाट द्यायची, मंग आपुन घ्यायची." इंजिनिअरने वेगळं काय सांगितलं असतं!

पोरांनी आपली वेगळी वाट मागितली. मग मुख्य वाटेला जोडून, पडीक तुकड्यावर बांधाबांधाने जाणारी एक गोल फेरी त्यांना आखून दिली. दोन लहान चढ, एक चिंचेखालचं वळण आणि परत गोठा. सहलीच्या ठिकाणी जाड चाकांच्या त्या एटीव्ही गाड्यांतून चार मिनिटं फिरवायचे काय पैसे घेतात, तुम्हाला माहीतच आहे. इथे सायकली आहेत आणि पैसे नाहीत.

तीन हजार वर्षांपूर्वीची बोळं

आता आमची ठरलेली फेरी सांगते. घरून निघायचं, पाणंदीने उसाच्या सावलीतून नदीच्या अंगाला जायचं, मळ्यात विहिरीपाशी न्याहारी करायची आणि येताना वाट वाकडी करून पांढरीजवळून यायचं.

आपल्या भाषेत शेताच्या जमिनीला 'काळी' म्हणतात आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी'. इनामगावची जुनी पांढर नदीकाठी आहे आणि ती इतकी जुनी की गावाला तिचा विसरच पडला होता. १९६८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे खणायला सुरुवात केली. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झैनुद्दिन अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली १९८३ पर्यंत हे काम चाललं. मातीखाली निघालं शेतकऱ्यांचं गाव, इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास वसलेलं आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास उठलेलं. तोवर इथे लोखंड आलेलं नव्हतं. तांबं होतं, दगडाची पाती होती.

शंभराहून जास्त घरं उकलली गेली. चौकोनी घरं, कुडाच्या भिंतींना मातीचा गिलावा, आत चूल, धान्याचे कणगे आणि पेव. जळालेल्या दाण्यांवरून ते जव, गहू, मसूर, कुळीथ खात हे कळलं. कुंभाराची भट्टी निघाली. पाच खोल्यांचं एक मोठं घर निघालं, ते गावच्या प्रमुखाचं असावं आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. नदीचं पाणी वळवून आणायचा पाट आणि बांधही निघाला. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या झाकणाच्या पेटीत शिर नसलेली देवीची मूर्ती होती. पेटीवर दुसरी तशीच देवी आणि एक बैल.

लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ते ठेवायचे आणि घरातल्याच जमिनीत पुरायचे. लांब न्यायला आईचा जीव धजत नसेल. मोठ्या माणसांना पुरताना मात्र घोट्याखालचे पाय तोडलेले आढळले. मेलेल्याने चालत निघून जाऊ नये, म्हणून असावं असं अभ्यासक मानतात. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पाय असले की माणूस जाणारच, हे त्यांना माहीत होतं."

मला स्वतःला या सगळ्यात आवडते ती बोळांची गोष्ट. घरं ओळीने बांधलेली आणि मधे जायला-यायला मोकळी वाट सोडलेली. इथल्याच एका मडक्यावर बैलगाडीचं चित्रही मिळालं. तिकडे प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला काशाचा रथ सापडला. दीड फूट लांबीचा, दोन बैल जुंपलेला, हाकणारा उभा. म्हणजे आपल्या या कोरड्या मुलखात चाक आणि वाट यांची जोडी फार जुनी आहे. पुढे पाऊस कमी होत गेला, इनामगावच्या लोकांची चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठलं. ढवळीकरांनी याचं कारण दुष्काळ असं मांडलं आहे.

इथे आलात तर एक पथ्य पाळा. गाडी लांब लावा आणि पायी जा. टेकाडावर चाक घालू नका, खापराचा तुकडा उचलून पर्समध्ये टाकू नका. नीट मांडलेल्या वस्तू पाहायच्या असतील तर पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे. आधी चौकशी करून मुलांना तिथे न्या आणि मग इनामगावला या. नाही तर मुलं म्हणतील, इथे तर नुसती माती आहे.

सासूबाईंची फेरी

कार्तिकातल्या एका सकाळी सासूबाईंना लूनावर बसवलं. चालवायला मी, कारण हे चालवणार म्हटल्यावर त्या "नको, तो जोरात नेतो," म्हणाल्या. एका बाजूला पाय सोडून, माझा खांदा धरून बसल्या. हेल्मेट घालताना कुरकुर केली. मग पदर हेल्मेटवरूनच घेतला. बाजूने सायकलींवर पोरं, मागे चालत जाऊबाई आणि त्या बागायतदाराची आईही आपल्या बांधावर येऊन उभी राहिलेली.

विहिरीपाशी त्या उतरल्या. पाणी वाकून पाहिलं. जांभळाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "फांदी तोडलीय कुनी तरी." मग भाऊजींना तासभर बोलणी बसली, चारीचं तोंड असं का केलं, बांधावरची तूर का काढली, कडबा उघड्यावर का. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते आणि हसू दाबत होते. चार वर्षांनी मळ्याला मालकीण आली होती.

आता दर पंधरवड्याला त्यांची फेरी असते. आम्ही नसलो की जाऊबाई नेतात. त्याही लूना शिकल्या आणि आता लायसन्सचा कागद पर्समध्ये घालून फिरतात.

जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा

मुलांच्या हाती इंजिन देऊ नका. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्ससुद्धा १६ वर्षं पुरी झाल्यावर, पालकांच्या संमतीने मिळतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून शिक्षा पालकांना होते. आमची मुलगी लूना चालवते ती इंजिन बंद ठेवून, नुसती पायडलवर.

अंधारात पाणंदीने जाऊ नका. उसामुळे शिरूर तालुक्यात बिबट्या वस्तीला आला आहे आणि अलीकडच्या वर्षांत त्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीवही गेलेत. हे गमतीने घेण्यासारखं नाही. आम्ही उन्हं चढल्यावर निघतो आणि चारच्या आत घरी असतो. लहान मूल नेहमी दोन मोठ्यांच्या मधे चालतं. उसाच्या कडेला कुणी एकटं बसत नाही.

पावसाळ्यात वाटेला विश्रांती द्या. ओल्या काळ्या मातीवर एकदा चाकोरी पडली की वर्षभर ती मोडत नाही. दिवाळी ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. बरोबर पंक्चरचं सामान, एक जादा प्लग, पाणी आणि ताकाची बाटली असू द्या. कुणाच्याही बांधावरून जाण्याआधी विचारा आणि फाटक उघडलं तर लावून घ्या.

आणि इनामगावच कशाला? तुमच्या सासरी किंवा माहेरी एखादी गाडी गोठ्यात कोंबड्या सांभाळत असेल, एखादी पाणंद काट्यांत बुजली असेल. या सुट्टीत गावचा नकाशा मागवा आणि तुटक रेषा कुठे जातात ते बघा. त्या रेषेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. तिला पक्कं माहीत असतं.